एकट्यानं हरता येत नाही

बारकी चव्वेचाळीस वर्षांची झाली होती, तरी घरात ती बारकीच. नाव एकदा चिकटलं की चिकटलं, मग माणूस केवढा का होईना. कामावर मात्र तिला सगळे 'बाई' म्हणत आणि तिथे तिचा चांगला दरारा होता. बायंडिंगच्या कारखान्यात तिची तेवीस वर्षं गेली होती. छापलेले कागद आले की घड्या घालायच्या, क्रमानं लावायचे, शिवायचे, खळ लावून दाबाखाली ठेवायचे, मग कडा कापायच्या. कागदांचा गठ्ठा हातात धरून अंगठ्यानं फर्रकन सोडला की मधलं एखादं पान उलटं लागलंय का, हे तिला न बघता कळायचं. अशा बाईच्या हाती पत्ते देऊन 'पिस' म्हणणं म्हणजे मांजरीला दुधाची राखण करायला बसवणं. पण हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण बारकी साधी. खोटं बोलायची वेळ आली की तिचे कान लाल व्हायचे आणि हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

दादा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. लिफ्ट दुरुस्त करणारा. चौदा-चौदा मजल्यांच्या अंधाऱ्या पोकळीत पट्टा बांधून लटकायचं, वरून ग्रीसचे थेंब अंगावर घ्यायचे आणि खाली आल्यावर 'झालं, चालू करा' एवढंच म्हणायचं, असा त्याचा जन्म गेला. राहायला मात्र तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. "हलवायाला साखरेची बंदी, तसं आहे माझं," असं म्हणून तो स्वतःच हसायचा. मग एक दिवस जिन्यात दुसऱ्या वळणावर बसला तो उठेचना. हृदयाची झडप. एकदा सात वर्षांपूर्वी उघडून नीट केली होती, आता शेजारची गेली होती.

डॉक्टरीणबाई फटकळ होत्या, पण खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. दादा, वहिनी आणि बारकी तिघांना समोर बसवून त्यांनी सांगितलं, "औषधांवर राहिलात तर दोन वर्षं, फार तर तीन. खुर्चीत बसून, पण घरात, माणसांत. ऑपरेशन केलं आणि निभावलं तर पुढची पंधरा वर्षं जिने चढाल. पण छाती दुसऱ्यांदा उघडायची, साखर वाढलेली, मूत्रपिंडं थकलेली. अशा दहा माणसांत चार निभावतात. घाई नाही. तीन-चार महिन्यांत विचार करून सांगा."

घ्या! विचार करून सांगा म्हणे. जसं काही पडद्याचं कापड निवडायचंय.

वहिनी पोस्टात काउंटरवर बसायची. कमी बोलणारी आणि एकदा बोलली की मागे न हटणारी बाई. तिनं जिना उतरतानाच ठरवून टाकलं, "ऑपरेशन नको. दोन वर्षं तर दोन वर्षं." बारकीचंही तेच मत. दहात चार म्हणजे दहात सहा मेले, एवढं गणित तिला येत होतं. आणि तिला दादा हवा होता. खुर्चीत बसलेला, कुरकुरणारा, कसाही, पण हवा होता. दादा मात्र 'हो'ही म्हणेना आणि 'नाही'ही म्हणेना. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडला. दाढी वाढली, जेवण अर्धं ताटात राहायला लागलं, कुणी काही विचारलं तर 'हं'.

त्या दिवसांत कारखान्यात एका वाचनालयानं खेळांची जुनी खोकी डागडुजीला पाठवली होती. त्यातल्या एका खोक्याचे पत्ते पाठीकडून इतके फाटले होते की त्यांनी 'हे टाकून द्या' म्हणून निरोप धाडला. बारकीनं टाकलं नाही. तीन संध्याकाळ बसून तिनं साठच्या साठ पत्त्यांना नवा निळा कागद डकवला, कोपरे गोल कापले आणि रविवारी दुपारी खोकं काखेत मारून दादाकडे गेली.

याला कारण होतं. लहानपणी हा दादाच गल्लीतल्या पोरांचा खेळ चालवायचा. चौकटीच्या वहीवर त्यानं तळघराचा नकाशा काढलेला असायचा आणि तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे लपवलेला. पोरांनी एकेका खोलीचं दार उघडायचं आणि दादानं आडोशामागून सांगायचं, आत काय आहे. सापळा, राक्षस, सोन्याची पेटी. फासे तोच टाकायचा, पुठ्ठ्यामागे. पोरं इतकी हावरट की पेटी दिसली की एकमेकांना ढकलून पुढे धावायची. प्रत्येकाची थैली वेगळी, प्रत्येकाचा जीव वेगळा. एकजण खड्ड्यात पडला तर बाकीचे त्याची तलवार काढून घेऊन पुढे जायचे. नऊ वर्षांची बारकी एकदा अशीच खड्ड्यात पडली. दादानं आडोशामागे फासा टाकला, क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "मुळाला लटकलीस. वाचलीस." बाकीची पोरं ओरडली, "लबाडी! लबाडी!" बारकीनं पुठ्ठ्याच्या फटीतून बघितलं होतं. फाशावर एकच टिंब होतं.

आता हा नवा खेळ. दादानं कण्हत-कुथत उशीला टेकून पट बघितला. चोवीस गावांचं खोरं, मधोमध बुरूज. तिघांनी मिळून एक दिवा बुरुजापर्यंत न्यायचा. प्रत्येक पाळीनंतर गठ्ठ्यातला वरचा पत्ता उलटायचा, त्यावर कुठलं तरी अरिष्ट. दरोडेखोर, वादळ, मोडलेला पूल. आणि साठांत नऊ पत्ते काळ्या धुक्याचे. धुकं आलं की एक गाव गडप. सहा गावं गडप झाली की सगळेच हरले.

"म्हणजे राक्षस कोण होणार?" दादानं विचारलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्यानं काहीतरी विचारलं होतं.

"कुणी नाही. आपण तिघं एका बाजूला."

"आणि समोर?"

"समोर पत्ते."

"हा कसला खेळ," दादा म्हणाला. "तळघरात निदान मी होतो मागे. पोरं रडली तर मला दिसायचं. पत्त्याला काय डोळे आहेत?"

पण बसला. वहिनीही विणकाम घेऊन बसली आणि विणता विणता तिरंदाज झाली. दादा मांत्रिक, बारकी लढवय्यी. पहिल्या रविवारी हरले. दुसऱ्या रविवारीही हरले. हा खेळ असाच अवघड होता. नियमांच्या पुस्तिकेतच छापलं होतं की चार डावांत एखादाच जिंकाल, खचू नका. तिसऱ्या रविवारी बुरूज एका घरावर असताना लागोपाठ तीन धुकी आली आणि खेळ आटोपला. दादानं हातातली सोंगटी पटावर आडवी ठेवली.

"इथेही तेच," तो म्हणाला. त्यानंतर चार दिवस त्यानं औषधसुद्धा वहिनीनं ओरडल्यावर घेतलं. गुरुवारी वहिनीचा फोन आला, "बारके, ते खोकं परत घेऊन जा गं. माणूस आणखीच खचलाय."

बारकी खोकं घेऊन गेली. आणि रविवारी घेऊन परत आली. शनिवारी तिनं काय केलं असेल, ते सांगायला नको. नऊ धुक्यांतली दोन तिनं दिसायला म्हणून वर ठेवली आणि सात तळाशी बसवली. पटाशी बसल्यावर "मी पिसते हं, तुझे हात थरथरतात," म्हणून तिनं दोघांसमोर गठ्ठा फर्रफर्र फिरवला, वरचे खाली, खालचे वर, आणि सगळं जिथल्या तिथं परत आणलं. तेवीस वर्षांचा हात तो. वहिनी टाके मोजत होती आणि दादा खिडकीबाहेर बघत होता.

जिंकले.

दादानं पटाकडे बघितलं, मग बारकीकडे, मग वहिनीकडे. "अगं, दिवा लागला की!" तो म्हणाला आणि खो-खो हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. त्या संध्याकाळी त्यानं दाढी केली. दोन घास जास्त जेवला. वहिनी दाराशी पोचवायला आली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि बारकीला वाटलं, याहून पुण्याचं काम आपल्या हातून जन्मात झालं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एकदा केलंस ते केलंस, मग थांबायचं. तिनंही तेच ठरवलं होतं. पुढच्या रविवारी खरा डाव खेळू, हरलो तर हरलो. पण शनिवार आला की तिला भिंतीकडे तोंड करून पडलेली ती पाठ आठवायची आणि हात आपोआप धुकी वेचायला लागायचे. एखादा डाव मुद्दाम हरू, म्हणजे खरं वाटेल, असंही ठरवलं. तेही जमलं नाही. कुठला रविवार निवडायचा? ज्या रविवारी त्याला बरं वाटत असेल तो, की वाटत नसेल तो? असं करता करता लागोपाठ अकरा डाव जिंकले.

आणि दादा पार बदलला. तो पटावर सेनापतीसारखा बसायला लागला. या खेळात सगळ्यांच्या चाली उघड असतात, सल्ला द्यायला मोकळीक, त्यामुळे तो वहिनीचीही पाळी खेळायचा आणि बारकीचीही. "तू डावीकडे ये. तू तिथे थांब, बाण राखून ठेव. अगं, हलवू नकोस म्हटलं ना!" वहिनी म्हणायची, "मग मी कशाला बसलेय? तुम्हीच खेळा तिघांचं." तो म्हणायचा, "तळघरात प्रत्येक जण आपापल्या कर्मानं मरायचा. इथे तसं नाही. इथे एकट्यानं मरता येत नाही, एकट्यानं हरता येत नाही. मला हा खेळ जास्त आवडायला लागलाय." बारकी मान डोलवायची. तिचे कान लाल झालेले असायचे, पण ते खेळाच्या भरात आहेत असं दोघांना वाटतंय, अशी तिची समजूत होती.

अकराव्या डावाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दादानं बारकीला कारखान्यात फोन केला. "दुपारी सुट्टी टाकून ये. बोलायचंय." ती धावत गेली. वहिनी पोस्टात होती. दादा खुर्चीत ताठ बसला होता, अंगात इस्त्रीचा सदरा.

"ऑपरेशन करायचं ठरलं. उद्या दाखल व्हायचं, गुरुवारी करणार. तुझी वहिनीही तयार झालीय."

बारकीनं विचारलं, "ती कशी तयार झाली?"

"मी पटवली. चारात एक जिंकायचा डाव आपण लागोपाठ अकरा वेळा जिंकलो, बारके. मी हिशेब केला. असं घडायची शक्यता लाखात एकसुद्धा नाही. माझे दिवस फिरलेत. चार महिन्यांपूर्वी दहातले सहा म्हटल्यावर मी मेलेलाच होतो. आता मला दहातले चार दिसतात. हिलाही म्हटलं, तू स्वतः बघितलंस ना? ती म्हणाली, बघितलंय खरं."

 बारकीनं सगळं सांगून टाकलं. शनिवारची तयारी, तळाशी बसवलेली सात धुकी, खोटं पिसणं, सगळं. "एकही डाव खरा नव्हता रे दादा. अकरापैकी एकही नाही. तू लहानपणी मला त्या खड्ड्यातून काढलंस ना, तसं मी केलं. माझं चुकलं. पण तू जाऊ नकोस."

दादा ऐकत होता. आधी त्याच्या कपाळाला आठी पडली. मग ती आठी गेली आणि तो हसला, अगदी मायेनं हसला. ते हसणं बघून बारकीला ओरडावंसं वाटलं.

"वेडे," तो म्हणाला. "घाबरलीस होय? मला थांबवायला एवढी मोठी गोष्ट रचलीस? तुला साधा ताप आहे की नाही हे खोटं सांगता येत नाही आणि तू अकरा रविवार आम्हाला फसवणार?"

"पण फसवलं!"

"अगं, तळघराची गोष्ट वेगळी. तिथे पुठ्ठ्याचा आडोसा होता, मागे मी होतो. सगळ्यांना ठाऊक होतं की दादा फासे फिरवतो. इथे आडोसा कुठाय? माझ्या डोळ्यांदेखत पिसायचीस तू."

"माझा हात आहे तो, दादा! मी आयुष्यभर दुसरं काय केलंय?"

"बरं," दादा म्हणाला. "हातच्या काकणाला आरसा कशाला? काढ खोकं, काल इथेच राहिलंय. आज मी पिसतो. दोघंच खेळू. हरलो तर तुझं खरं, मी डॉक्टरीणबाईंना फोन करून नाही म्हणून सांगतो. जिंकलो तर तू गप्प बसायचंस. आणि यातलं एक अक्षर तुझ्या वहिनीच्या कानावर घालायचं नाही. ती कशीबशी तयार झालीय, उगाच घोळ नको. आहे कबूल?"

इथे बारकीनं काय करायला हवं होतं ते तुम्हालाही कळतंय आणि मलाही. खोकं उचलून खिडकीबाहेर फेकायचं, तडक पोस्टात जायचं आणि काउंटरवरची रांग बाजूला सारून वहिनीला सांगायचं. पण तिनं मनात हिशेब केला. खरा डाव, चारात एक. दोघांनी खेळायचं म्हणजे त्याहून अवघड. हरणार, नक्की हरणार. भावाचा जीव पत्त्यांवर टाकतोय म्हणून ज्याच्यासमोर ती रडत होती, त्याच्याच शेजारी बसून तिनंही तोच जीव त्याच पत्त्यांवर टाकला.

"कबूल," ती म्हणाली.

दादानं थरथरत्या हातांनी पिसलं. पाच-सहा पत्ते खाली पडले, तिनं उचलून दिले, त्यानं ते कुठेही खुपसले. याहून खरा पिसलेला गठ्ठा जगात नसेल. पहिल्याच चार पत्त्यांत दोन धुकी आली आणि बारकीचा श्वास मोकळा झाला. दोन गावं गडप. पुढे वादळ, दरोडेखोर, मग पुन्हा धुकं. तीन. देवा, अशीच येऊ देत, असं ती मनात म्हणत होती. आयुष्यात कुणी हरण्यासाठी इतकी प्रार्थना केली नसेल. पण मग धुकं यायचंच थांबलं. एकामागून एक किरकोळ अरिष्टं. दिवा पुढे सरकत राहिला.

तेव्हा तिनं लबाडी करून पाहिली. लढवय्यीला बुरुजाकडे न्यायचं सोडून ती भलत्याच गावाला वळवली.

"अगं, तिकडे काय ठेवलंय?" दादा म्हणाला. त्यानं तिची सोंगटी उचलली आणि योग्य घरात ठेवली. "इथे ये. माझ्या शेजारी."

तळघरात असती तर तिनं खड्ड्यात उडी टाकली असती आणि कुणी अडवलं नसतं. इथे उडी टाकायचीही सोय नव्हती. तिनं पुन्हा एकदा चुकीची चाल केली, त्यानं ती तिला मागे घ्यायला लावली. चौथं धुकं आलं, मग पाचवं. पाच गावं गडप झाली आणि बुरूज दोन पावलांवर. दादानं एक पाऊल टाकलं. आता एक पत्ता उलटायचा होता. धुकं आलं तर खेळ संपला, दादा घरी. नाही आलं तर पुढच्या पाळीत दिवा लागला.

"तू उलट," दादा म्हणाला.

बारकीनं निळ्या कागदावर अंगठा ठेवला. खरं तर तिला एकेक पत्ता स्पर्शानं ओळखू यायचा, पण त्या घटकेला अंगठ्याला काही कळेना. तिनं उलटला. मोडलेला पूल. तो पूल त्यांनी केव्हाच ओलांडला होता.

"बघ!" दादा ओरडला. त्याचा चेहरा तिनं कित्येक वर्षांत इतका उजळलेला पाहिला नव्हता. "आता तर मीच पिसलं होतं ना? बारा झाले, बारके!" त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस. आणि कबूल केलंयस, लक्षात आहे ना? वहिनीला काही नाही."

त्या क्षणी बारकीला स्वतःलाच वाटून गेलं की कदाचित, कुणी सांगावं, खरंच त्याचे दिवस फिरले असतील. ही कबुली तिनं पुढे कुणालाच दिली नाही. पण वाटलं होतं, आणि त्या वाटण्याच्या आडोशाला ती तीन दिवस गप्प बसली. मंगळवारी वहिनीनं कागदांवर सही केली तेव्हा बारकी शेजारीच उभी होती. वहिनीनं पेन कागदावर टेकवून तिच्याकडे एकदा बघितलं. बारकीनं नजर खाली घातली. तिला वाटलं, वहिनीला धीर हवाय. म्हणून तिनं वहिनीच्या पाठीवर हात ठेवला.

गुरुवारी सकाळी सात वाजता दादाला आत नेलं. साडेअकराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तोंडावरची पट्टी त्यांनी काढून हातात घेतली होती. झडप बसवली होती, पण हृदयानं पुन्हा चालायचं मनावर घेतलं नाही. त्यांनी बरंच काही समजावून सांगितलं. वहिनी सगळं ऐकून 'बरं' म्हणाली आणि भिंतीला लागून खाली बसली.

पुढच्या तीन आठवड्यांत बारकी रोज कामावरून थेट वहिनीकडे जायची. भांडी घासायची, कपडे घड्या करून ठेवायची, दोघी समोरासमोर बसून चहा प्यायच्या. वहिनी काही बोलायची नाही, पण बारकी आली की दार उघडताना तिचा चेहरा जरा सैल व्हायचा. जगात दोघींना दोघीच उरल्या होत्या. असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. गप्प बसली असती तर बारकीला निदान ते एक घर राहिलं असतं. पण एका संध्याकाळी वहिनीनंच विषय काढला.

"तुझे फार उपकार आहेत, बारके," ती म्हणाली. "ते शेवटचे तीन महिने. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण हे एवढे हसलेले मला आठवत नाहीत. ते तू दिलंस."

आणि बारकीला ते सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर तिनं खाल्ल्या असत्या. उपकार म्हटल्यावर तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. सात धुकी, अकरा डाव, सोमवारची दुपार, दादानं घातलेली अट, बारावा डाव.  चहावर साय धरली.

मग वहिनीनं विचारलं, "म्हणजे सोमवारी तू त्यांना सांगितलंस."

"हो. सगळं सांगितलं. त्याला खरं वाटलं नाही."

"आणि मंगळवारी मी सही केली."

"वहिनी, त्यानं मला शपथेसारखं—"

"मला शंका आली होती," वहिनी म्हणाली. तिचा आवाज पोस्टात बसल्यावर असतो तसाच होता, कोरडा. "पाचव्या-सहाव्या डावापासूनच. तू पिसताना मी टाके मोजत नव्हते. तुझे कान बघत होते. सही करतानाही तेच मनात होतं. पेन हातात धरून तुझ्याकडे बघितलं. म्हटलं, तसं काही असेल तर ही आता बोलेल. सख्ख्या भावाच्या जिवाचा प्रश्न आहे, ही गप्प बसणार नाही. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास."

बारकीचा हात आपसूक कानाकडे गेला.

"त्यांना खरं वाटलं नाही," वहिनी म्हणाली. "मला वाटलं असतं. एका शब्दात वाटलं असतं, बारके. मी सही केली नसती."

तिनं दोन्ही कप उचलले आणि चहा मोरीत ओतला. नळ सोडून कप विसळले, पालथे घातले, हात पदराला पुसले. मग जाऊन दार उघडलं आणि दाराला धरून उभी राहिली.

"जा आता," ती म्हणाली. "आणि उद्यापासून येऊ नकोस."

बारकी उठली. चपला घालताना तिला पट्टा सापडेना, वहिनी तशीच उभी राहून थांबली. बारकी जिन्यात आल्यावर मागे दार लागलं, मग कडीचा आवाज आला. तीन मजले उतरायचे होते आणि ती ते एकटीनं उतरली.